बुडाल्याची आवई

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणमध्ये दिंड्या उतरतात, तेव्हा गावात दोन तऱ्हेचं गाणं भरून राहिलेलं असतं. एक वारकऱ्यांच्या गळ्यातलं, टाळ-मृदंगाच्या साथीनं चाललेलं. दुसरं यात्रेतल्या दुकानांच्या स्पीकरवरून येणारं. ‘माझे माहेर पंढरी’ हा या दुसऱ्या गाण्यातला ओळखीचा अभंग. शब्द संत एकनाथांचे, म्हणजे याच गावचे. चाल पुणे आकाशवाणीवर काम केलेल्या राम फाटकांची. आवाज पं. भीमसेन जोशींचा. नाथांनी १५९९ साली देह ठेवला. त्यांचे शब्द पुढे शतकानुशतकं कीर्तनकारांनी, वारकऱ्यांनी आणि जात्यावर बसणाऱ्या बायांनी सांभाळले. पण भीमसेनजींच्या किराणा घराण्याच्या गळ्यातून ते शब्द गावोगावच्या ओसरीवर पोहोचले, ते आकाशवाणी आणि रेकॉर्ड कंपनी यांच्यामुळे.

शास्त्रीय गायक-वादकांचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या या कंपन्या आता संपल्या, अशी आवई गेली पंचवीस-तीस वर्षं अधूनमधून उठते. एखादं नावाजलेलं दुकान बंद पडतं, एखाद्या कंपनीचे मालक बदलतात, कॅसेट जाते, मग सीडीही जाते, आणि संगीतप्रेमींच्या घोळक्यात कुणीतरी म्हणतं, ‘झालं, आता शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डी निघायच्या नाहीत.’ सांगणाऱ्याच्या आवाजात खरी कळकळ असते. म्हणूनच या बोलण्यात खरं किती आणि ऐकीव किती, हे एकदा नीट पाहायला हवं. त्यासाठी या धंद्याच्या सुरुवातीपर्यंत मागं जावं लागतं, कारण शास्त्रीय संगीत या कंपन्यांच्या घरात नेमकं कोणत्या खोलीत राहत होतं, ते तिथंच कळतं.

१९०२ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनं फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाला पूर्वेकडच्या देशांत पाठवलं. कलकत्त्यात त्यानं गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकानं एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, त्या हवेच्या दाबानं पलीकडची सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. या मेणाच्या तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कारखान्यात त्यांच्या प्रती निघत. तिथल्या कामगारांना ना हिंदी कळे ना बंगाली. कोणती तबकडी कुणाची हे समजावं म्हणून कलाकारांनी गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव पुकारायचं, अशी रीत पडली. गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगत. त्या काळातल्या पुष्कळ तबकड्यांच्या शेवटी अशी घाईघाईत उच्चारलेली नावं आजही ऐकू येतात. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात गाण्याइतकीच त्याची ओळखही महत्त्वाची असते, हे पहिल्याच दिवसापासून ठरलेलं होतं.

१९०८ साली कलकत्त्यातच तबकड्या छापायचा कारखाना निघाला आणि हॅनोव्हरची खेप टळली. तबकडी लाखेची असे. ही लाख आपल्याच देशातल्या जंगलांतली, छोटा नागपूरच्या पट्ट्यात पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडून काढलेली. जगभरच्या संगीताचा बोजा काही दशकं या लाखेनं वाहिला. तबकडी हातातून निसटली की खापरासारखी फुटे. सुई वारंवार बदलावी लागे, यंत्राला चावी भरावी लागे. आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मावत जेमतेम तीन मिनिटं.

तासभर राग उलगडणाऱ्या गायकानं तीन मिनिटांत काय गायचं? बऱ्याच थोरांना हा प्रकार पसंत नव्हता. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, मुंबई-कोल्हापुरात त्यांचा मोठा शिष्यवर्ग होता, पण त्यांनी आपलं गाणं तबकडीवर येऊ दिलं नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. बालगंधर्वांचे आणि मास्टर कृष्णरावांचे हे गुरू, पण त्यांचाही आवाज आज कुठं ऐकायला मिळत नाही. उलट अब्दुल करीम खाँसाहेबांनी ती तीन मिनिटं अशी वापरली, की त्या चौकटीचाच एक सुंदर घाट तयार झाला. त्यांची झिंझोटीतली ठुमरी ‘पिया बिन नाही आवत चैन’ हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. कर्नाटकातल्या गदगमधल्या एका शाळकरी मुलानं ही तबकडी ऐकली आणि गाणं शिकायचं म्हणून घर सोडलं. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पैठणच्या नाथांचा अभंग ज्या आवाजात आपण ऐकतो, तो आवाजही असा एका तबकडीनं घडवलेला आहे.

या सगळ्या कहाणीत पैशाची बाजू सहसा सांगितली जात नाही. हिंदुस्थानात निव्वळ शास्त्रीय संगीतावर जगणारी मोठी कंपनी जवळजवळ कधीच नव्हती. कुत्र्याचं चित्र असलेली एचएमव्ही असो, ओडियन असो, किंवा मुंबईत १९३५च्या सुमारास सुरू झालेली यंग इंडिया असो, त्यांचं पोट भरे ते नाट्यपदं, भावगीतं, भजनं आणि बोलपट आल्यावर सिनेमाची गाणी यांवर. ख्यालाच्या तबकड्या कंपनीच्या इभ्रतीसाठी निघत. त्यांचा ग्राहक थोडा, पण जिवापाड जपणारा. खुद्द भीमसेनजींची एचएमव्हीनं काढलेली पहिली रेकॉर्डही भक्तिगीतांची होती. पुढं अभंगवाणीनं त्यांना ज्या घरांत नेलं, तिथं दरबारी किंवा मारवा पोहोचणं अवघड होतं. पण अभंगाच्या वाटेनं आलेल्या श्रोत्यांपैकी काहींनी पुढच्या खेपेला ख्यालाची रेकॉर्डही मागितली. कंपन्यांच्या हिशेबात अभंग आणि ख्याल असे एकमेकांना धरून चालले. पैठण, देहू, आळंदी, पंढरपूर या गावांच्या संतवाङ्मयाचं महाराष्ट्रातल्या शास्त्रीय ध्वनिमुद्रणावर हे ऋण आहे, आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हवं.

म्हणजे जी ‘सुवर्णकाळातली शास्त्रीय संगीताची कंपनी’ आता बुडाली म्हणून हळहळ होते, ती खरं तर सिनेसंगीताच्या वाड्यातली एक माजघराची खोली होती. खोली सुंदर होती, पण वाडा तिचा नव्हता.

त्या सुवर्णकाळातही सगळं आलबेल नव्हतं. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर ही दोन यानं अंतराळात धाडली आणि त्यांवर पृथ्वीवरच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली. भारताच्या वाट्याला त्यात एकच गाणं आलं, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी, ‘जात कहाँ हो’. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकानं ती सुचवली होती. पण तबकडी बाजारातून कधीच गेलेली होती. बरीच शोधाशोध झाल्यावर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. ज्या गाण्याला माणसांनी ताऱ्यांकडे पाठवण्यालायक मानलं, ते कंपनीच्या यादीत उरलं नव्हतं. यानं उडाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ही हेळसांड कंपन्या जोरात असताना झालेली आहे, हे जुन्या दिवसांचे गोडवे गाताना विसरून चालत नाही.

लाखेच्या तबकडीनंतर एलपी आली. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या या तबकडीनं एका बाजूला वीसेक मिनिटं दिली आणि विलंबित ख्यालाला पहिल्यांदा ऐसपैस बसायला जागा मिळाली. उस्ताद अमीर खाँ यांचे मारवा आणि दरबारी, किशोरी आमोणकरांचा भूप, कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं ही मराठी घरांतली ठेव झाली ती एलपीमुळे. तरी रेकॉर्ड प्लेअर ही पैसेवाल्यांची चीज होती. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी ती एखाद्या डॉक्टरांकडे नाहीतर वकिलांकडे असायची आणि ऐकायला चारचौघं जमायचे.

ही वतनदारी मोडली कॅसेटनं. १९८०च्या दशकात टेपरेकॉर्डर स्वस्त झाले, कॅसेट घरच्या घरी भरता येऊ लागली, टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्यांनी किमती खाली ओढल्या आणि एचएमव्हीची अनेक वर्षांची मक्तेदारी ढासळली. चोरून केलेल्या प्रतींनी बाजार भरला, हे खरं. पण याच कॅसेटनं छोट्या प्रकाशकांना उभं केलं. तबकड्या छापायचा कारखाना नको, चांगलं ध्वनिमुद्रण आणि थोडं भांडवल पुरे.

पुण्यात कर्वे रस्त्यावर सुरेश अलूरकरांनी अलूरकर म्युझिक हाउस चालवलं, ते याच काळातलं. अलूरकरांचा कान चोखंदळ होता. ग्वाल्हेर परंपरेतले शरच्चंद्र आरोलकर हे बाजाराच्या दृष्टीनं ‘खपणारं’ नाव नव्हतं. अलूरकरांनी त्यांची कॅसेट काढली. मालिनी राजूरकर, वीणा सहस्रबुद्धे, पद्मा तळवलकर, उल्हास कशाळकर यांच्या पिढीला पुण्या-मुंबईच्या मैफलींबाहेर श्रोते मिळाले, त्यात या छोट्या प्रकाशनाचा मोठा वाटा आहे. दिल्लीत इंडिया टुडे समूहानं म्युझिक टुडे काढलं, मुंबईत मॅग्नासाउंड आलं, आणि लंडनमध्ये नवरस रेकॉर्ड्सनं तिकडं झालेल्या मैफलीच्या मैफली जशाच्या तशा सीडीवर आणल्या. शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणाला खरोखर बरे दिवस आले असतील, तर ते या वीस-बावीस वर्षांत, साधारण १९८० ते २००० या काळात. आणि ते आणले प्रामुख्यानं लहान घरांनी.

त्या काळातली एखादी शास्त्रीय संगीताची कॅसेट हातात घेऊन पाहावी. प्लॅस्टिकच्या डबीत घडी घातलेलं कार्ड. पुढं गायकाचा फोटो, बहुधा तानपुऱ्यासह. घडी उलगडली की अ बाजू: राग, विलंबित एकतालातली बंदिश, तिची सुरुवातीची अक्षरं, मग द्रुत तीनताल. ब बाजू: दुसरा राग, शेवटी एखादी ठुमरी नाहीतर भजन. खाली बारीक अक्षरांत तबला कुणाचा, हार्मोनियम कुणाची, तानपुऱ्यावर कोण, ध्वनिमुद्रण कुणी केलं. कित्येकदा आत रागावर एखाद्या जाणकाराचं छोटं टिपणही असे. कॅसेट ऐकता ऐकता ते कार्ड वाचून वाचून मऊ पडे आणि घडीवर फाटे. गावात गुरू नसलेल्या कितीतरी मुलामुलींचं पहिलं संगीतशिक्षण त्या कार्डावर झालं. हा राग मुलतानी आहे आणि तो दुपारी गातात, हे त्यांना तिथं कळलं.

२००० नंतर उतार लागला, तो झपाट्यानं. सीडीनं गाण्याचं रूपांतर आकड्यांत केलं आणि ते आकडे संगणकानं फुकटात वाटायला सुरुवात केली. एका एमपीथ्री सीडीवर कित्येक कॅसेटींचा ऐवज बसू लागला. यात्रेजत्रेत आणि बसस्थानकाबाहेर मेमरी कार्डात गाणी ‘भरून देणारे’ आले. शेकड्यानं गाणी, थोडक्या पैशांत, आणि त्यातला एकही पैसा गायकाकडे किंवा कंपनीकडे जात नव्हता. मुंबईत काळा घोड्याजवळचं रिदम हाउस २०१६ साली बंद झालं. जहांगीर आर्ट गॅलरीसमोरच्या त्या दुकानात कित्येक गवई स्वतः जाऊन दुसऱ्यांच्या रेकॉर्डी घेत. त्याला टाळं लागलं तेव्हा वर्तमानपत्रांनी जे लिहिलं, ते एखाद्या माणसावर मृत्युलेख लिहावा तसं होतं. त्या हळहळीत काही खोटं नव्हतं. पण दुकान बंद पडणं आणि कंपनी बुडणं यांत फरक आहे, आणि आवई उठते ती हा फरक पुसला गेल्यामुळे.

कंपनीचं काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजेच एचएमव्ही, १९८०च्या दशकात गोएंका समूहाकडे गेली आणि २००० साली तिचं नाव सारेगामा झालं. २०१७ साली तिनं कारवाँ नावाचा, जुन्या रेडिओसारखा दिसणारा संच काढला. आत पाच हजार जुनी हिंदी गाणी, वर मोठी बटणं, आणि ग्राहक मुख्यतः पन्नाशीच्या पुढचा. तो लाखांनी खपला. मराठी गाण्यांचाही कारवाँ निघाला. ज्या कंपनीला लोक मोडीत काढत होते, तिनं आपल्या कोठारातला माल नव्या डबीत घालून विकला आणि ती तरली. आज तिचं उत्पन्न मुख्यतः येतं ते गाणी ऐकवणाऱ्या अॅपकडून, यूट्यूबकडून, जाहिराती आणि चित्रपटांत गाणी वापरणाऱ्यांकडून. म्हणजे कंपनी बुडाली ही अफवाच ठरली.

पश्चिमेकडेही हेच नाटक वेगळ्या पात्रांनी रंगलं. नॉर्मन लेब्रेख्त या ब्रिटिश समीक्षकानं २००७ साली तिकडच्या अभिजात संगीताच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या अंताची कहाणी सांगणारं पुस्तक लिहिलं. त्यातल्या मजकुराला नॅक्सॉस या कंपनीचे संस्थापक क्लाउस हायमान यांनी न्यायालयात आव्हान दिलं. प्रकाशकांनी माफी मागितली आणि ब्रिटनमध्ये पुस्तक मागं घेतलं. हाँगकाँगमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या नॅक्सॉसचा मार्ग सरळ होता: फार नाव नसलेले पण चांगले वादक घ्यायचे, सीडी स्वस्तात विकायची, आणि कुणी न वाजवलेल्या रचनाही यादीत आणायच्या. ती कंपनी आजही चालू आहे. एचएमव्हीची पूर्वीची पालक कंपनी ईएमआय मात्र २०१२-१३ मध्ये तुकड्यांत विकली गेली. तिचा अभिजात विभाग वॉर्नरकडे गेला आणि त्या विभागाचं नाव पुसलं गेलं. २०२३ मध्ये हायपेरियन हे ब्रिटिश लेबल युनिव्हर्सलनं घेतलं, तर बीआयएस हे स्वीडिश लेबल अॅपलनं. पाट्या उतरल्या, मालक बदलले, पण जुनी ध्वनिमुद्रणं टिकली. उलट कोणी विकत घ्यावीत इतकी ती मोलाची ठरली.

मग काळजीचं कारण काहीच नाही का? आहे, आणि ते अफवेत सांगतात त्याहून गंभीर आहे.

संपलं ते हे: एखाद्या तिशीतल्या गायकाचा विलंबित ख्याल ऐकून ‘याचं ध्वनिमुद्रण आपण करू, स्टुडिओचा खर्च आमचा, साथीदारांची बिदागी आमची, कार्ड आम्ही छापू, गावोगाव आम्ही पोहोचवू’ असं म्हणणारा माणूस आता कंपनीच्या खुर्चीत सापडणं दुर्मीळ झालं आहे. जुन्या मालावर कंपनी जगते. नवा माल तयार करण्याची जोखीम तिनं कलाकारावर टाकली आहे. कलाकार स्वतःच्या पैशानं स्टुडिओ घेतो, स्वतः यूट्यूबवर चढवतो आणि स्वतःच त्याची जाहिरात करतो. पूर्वी निवड करणारा एक कान मध्ये होता. तो कान चुकतही असे, पक्षपातही करत असे, पण अलूरकरांसारख्याच्या हाती तो असला की आरोलकरबुवा घरोघरी पोहोचत.

अॅपवरचा हिशेबही ख्यालाच्या मुळावर येणारा आहे. स्पॉटिफायसारख्या सेवेवर गाणं तीस सेकंदं वाजलं की ते एकदा ‘ऐकलं’ असं मोजलं जातं आणि त्यावर पैसे ठरतात. तीन मिनिटांचं सिनेगीत एकदा ऐकलं तरी एक, आणि पन्नास मिनिटांचा मालकंस अथपासून इतिपर्यंत ऐकला तरी एकच. त्या पन्नास मिनिटांत तेच सिनेगीत सोळा वेळा वाजू शकतं. शिवाय २०२४ पासून जे गाणं वर्षभरात हजार वेळाही ऐकलं जात नाही, त्याला तिथं काहीच मिळत नाही. दुर्मीळ राग गाणारा, छोट्या गावातला, नवा गायक या चाळणीतून खाली पडतो. लाखेच्या तबकडीनं गायकाला तीन मिनिटांत कोंडलं होतं. आता वेळ हवा तेवढा आहे, पण पैसे पुन्हा तीन मिनिटांच्या मापानंच मोजले जातात. काही कलाकार आलाप वेगळा, विलंबित वेगळा, द्रुत वेगळा असे तुकडे करून चढवतात, त्यामागं हेही एक कारण आहे.

आणि नावं हरवली. गायकाचं नाव आणि अल्बमचं नाव पडद्यावर दिसतं. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, बंदिश कुणाची, मैफल कुठली आणि कोणत्या सालची, हे बहुतेक वेळा कुठंच नसतं. कित्येक जुन्या ध्वनिमुद्रणांवर रागाचं नावच चुकीचं चिकटलेलं आहे, आणि एकदा चिकटलं की ते शंभर ठिकाणी तसंच उतरवलं जातं. हॅनोव्हरच्या कामगारांसाठी कलाकार ओरडून नाव सांगत; आज कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या यंत्राला तबलजीचं नाव सांगायला कोणी नाही. साथीदारांच्या दृष्टीनं हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. नाव नाही, तर पुढं हक्काचे पैसे मागायलाही आधार नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलाकारांच्या हक्काला बळकटी आली, पण कागदावरचा तो हक्क वसूल करायला आधी नोंद हवी.

संगीत लोकांपर्यंत नेणं आणि नोंदी ठेवणं, ही कामं आता भलत्याच लोकांनी खांद्यावर घेतली आहेत. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये अंडरस्कोअर रेकॉर्ड्स सुरू केलं, ते कलाकारांना आपलं संगीत स्वतः विकता यावं म्हणून, आणि तेव्हा इंटरनेटवरून संगीत विकणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट होती. मुंबईत सुरेश चांदवणकर आणि त्यांच्यासारख्या संग्राहकांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था चालवली. जुन्या तबकड्यांचे क्रमांक, साल, गायक यांच्या याद्या तयार केल्या. कंपन्यांकडे स्वतःच्या मालाची जी माहिती धड उरली नव्हती, ती या लोकांनी जुन्या बाजारांतल्या तबकड्या चाळून गोळा केली. गुरुग्राममधलं मानववंश-संगीताचं संग्रहालय, कोलकात्याची संगीत रिसर्च अकादमी, मुंबईचं एनसीपीए यांनीही मैफली जपून ठेवल्या. आणि यूट्यूबवर आज जे भीमसेनजी, जे मल्लिकार्जुन मन्सूर, ज्या गंगूबाई हनगल आपण ऐकतो, त्यातलं पुष्कळसं कुणा रसिकानं पुढच्या रांगेत बसून टेपवर घेतलेलं आहे, कंपनीनं नव्हे.

कायदाही या कामी थोडी मदत करतो, पण त्याची कल्पना फारच थोड्यांना असते. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा कंपनीचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. म्हणजे अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, केसरबाई यांच्या लाखेच्या तबकड्या आज कुणाच्याही मालकीच्या नाहीत, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीच्या एलपीही एकेक करून मोकळ्या झाल्या आहेत. गाण्याच्या शब्दांवर आणि चालीवर कुणाचा वेगळा हक्क नसेल तर, आणि पारंपरिक बंदिशींवर तो बहुधा नसतोच, या तबकड्यांच्या चांगल्या प्रती काढून त्या कुणीही लोकांपुढं ठेवू शकतो. विद्यापीठांच्या संगीत विभागांनी हे काम हाती घेतलं, तर विद्यार्थ्यांना त्याहून चांगला अभ्यास मिळणार नाही.

पैठणसारख्या गावाकडून पाहिलं तर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मराठवाड्यातल्या बऱ्याच गवयांना रेकॉर्ड कंपन्यांनी कधी विचारलंच नाही. कंपन्यांचे स्टुडिओ कलकत्त्यात, मुंबईत, दिल्लीत. इथल्या गाण्याची नोंद झाली ती आकाशवाणीच्या केंद्रांवर आणि घरगुती टेपांवर. छत्रपती संभाजीनगरला आयुष्यभर शिकवत राहिलेले पं. नाथराव नेरळकर २०२१ मध्ये गेले. मराठवाड्याला त्यांचं गाणं माहीत आहे ते मुख्यतः मैफली, आकाशवाणी आणि शिष्य यांच्यामुळे. नाथवाड्यातली कीर्तनं, दिंड्यांतली भजनं, जुन्या मृदंगवादकांचे हात, भारुडं सादर करणारी मंडळी यांचं तर बहुतेक सगळं ध्वनिमुद्रण कुणाच्या तरी घरातल्या कॅसेटवर आहे.

आणि कॅसेटचं आयुष्य माणसाच्या आयुष्याहून कमी असतं. चुंबकीय फितीवरचा लेप ओल, उष्णता आणि बुरशीनं सुटतो. फीत चिकटते, ताणली जाते, आवाज खोल गेल्यासारखा होतो. मराठवाड्याचा उन्हाळा आणि पत्र्याचं छप्पर यांत तीस-पस्तीस वर्षं काढलेली कॅसेट अजून वाजली तर नशीब. त्याहून मोठी अडचण यंत्राची आहे: चांगल्या स्थितीतला डेक आणि तो दुरुस्त करणारा कारागीर, दोन्ही दरवर्षी कमी होत चालले आहेत.

या कॅसेटी उतरवून ठेवायचं काम करायला कंपनीची वाट पाहण्याचं कारण नाही. एक चालू डेक, संगणकाला जोडायची एक वायर आणि फुकट मिळणारं ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर एवढ्यावर ते होतं. फीत आधी पुढं-मागं पूर्ण फिरवून मोकळी करायची, डेकचं हेड स्पिरिटनं पुसायचं, आणि एका बैठकीत शक्यतो एकदाच वाजवायची, कारण जीर्ण फीत पुन्हा वाजेलच असं नाही. उतरवलेली प्रत एमपीथ्रीत नव्हे, तर पूर्ण दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये ठेवायची, आणि दोन वेगळ्या जागी. सोबत गायकाचं, मृदंगाच्या साथीला बसलेल्याचं, टाळकऱ्यांपैकी जे आठवतील त्यांचं नाव, गाव, तिथी आणि साल लिहायचं. ज्यांना ही नावं सांगता येतील अशी माणसं आज सत्तरीच्या पुढची आहेत, म्हणून फीत उतरवण्याच्याही आधी त्यांच्याकडे जाऊन बसायचं.